न मारलेली हाक

आबांचं चांगलं सांगायला बसले की लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात, म्हणून आधीच सांगून टाकते. त्यांच्यातलं माझ्यात काही उतरलेलं नाही. उतरलं असेल तर एक नाक. राग माझा स्वतःचा, जीभ आईची, आणि खोटेपणा कोणाचा ते मला आजतागायत कळलं नाही, कारण माहेरात दुसरं कोणी खोटं बोलणारं नव्हतंच.

आबा म्हणजे माझे वडील. तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे आमचं गाव. जमीन काळी, विहिरीला पाणी बारमाही, त्यामुळे घरात खायला कमी नव्हतं. पण आबांचं वागणं बघून कोणी म्हटलं नसतं की हा माणूस गावात चार मोठ्या घरांतला आहे. अंगात बंडी, डोक्याला विरलेलं पागोटं, आणि पायातल्या वहाणा बहुतेक वेळ काखेत. का तर म्हणे, ढेकळात वहाणा झिजतात. आई चिडायची. पाय झिजले तर चालतील होय, असं म्हणायची. आबा हसायचे आणि वहाणा काखेतच ठेवायचे.

त्यांची देवभक्ती बघायला गेलं तर एवढीशी. पोथी वाचता येत नव्हती. अक्षरओळख नव्हतीच. पहाटे तापीवर जायचे, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सूर्याला ओंजळभर पाणी द्यायचे आणि एकच म्हणायचे, "माय, मन्हा हातघाई कोनं वाईट व्हवाले नको." माझ्या हातून कोणाचं वाईट होऊ देऊ नकोस, एवढंच. पोरीच्या लग्नाला हाच मंत्र, पाऊस लांबला तरी हाच. मी लहानपणी एकदा म्हटलं, आबा, तुम्ही देवाजवळ काही मागत कसे नाही? तर म्हणाले, मागितलं की रोज, हे काय थोडं आहे? मला तेव्हा ते अगदीच बावळट वाटलं होतं. शरम वाटते, पण वाटलं होतं.

कामाला वाघ. मोट ते स्वतः हाकायचे, घरात वर्षाच्या बोलीचा सालदार ठेवलेला असूनही. आणि विहिरीवरचा त्यांचा एक नेम होता. पहिल्या दोन मोटा आपल्या पिकाला नाहीत. त्यांचं पाणी रस्त्याकडेच्या हाळात, दगडी कुंडात जायचं. मोलगीकडच्या डोंगरातून माणसं डिंक, चारोळी, मोहाची फुलं डोक्यावर घेऊन बाजाराला उतरत, दोन-दोन दिवस चालत. ती हाळावर थांबत, पाणी पीत, निंबाखाली पडत. आई त्यांना भाकरी द्यायची, वर कांदा आणि मिरचीचा ठेचा.

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि गावात चुली थंड पडू लागल्या. आबांनी अंगणातलं ज्वारीचं पेव उघडलं. लोक आले, पण संकोचानं दूर दूर उभे राहिले. तेव्हा आबा पेवाकडे पाठ करून उभे राहिले, तोंड गोठ्याकडे. लोकांनी ओटीत, पदरात, धोतराच्या सोग्यात दाणे नेले. सकाळपासून दुपारपर्यंत हा माणूस गोठ्याच्या कुडाकडे बघत उभा. मी विचारलं, आबा, वळत का नाही? म्हणाले, "मी देखत ऱ्हायनू ते त्यासले लाज वाटई." कोणी किती नेलं, कोण आलं होतं, त्यांनी कधी विचारलंही नाही.

अशा माणसाची मी मुलगी. आता डायाचं सांगते.

भिलांत वडीलधाऱ्या माणसाला डाया म्हणतात. आमचा डाया माझ्या आजोबांचा सालदार होता, डोंगरातून आलेला. त्याची झोपडी आमच्या मळ्याच्या टोकाला, नाल्यापाशी. आबा सतरा-अठरा वर्षांचे असताना गावात गाठीचा रोग आला. घरंच्या घरं रिकामी झाली, माणसं शेतात खोपटं घालून राहिली. आजोबा गावातल्या घरातच वारले, आणि खांदा द्यायला भाऊबंदांतला एकही उंबऱ्याजवळ आला नाही. लांबून ओरडून सांगत, तुमचं तुम्ही बघा. आबांनी आणि डायानं दोघांनी आजोबांना बाजेवर घातलं आणि तापीवर नेलं. वाटेत चार वेळा बाज खाली ठेवली म्हणे. लाकडं डायानं आणली, चूड आबांनी दिली. आणि तिथंच पाण्यात उभं राहून आबांनी तापीमाईला शब्द दिला, "ज्यानी खांदा दिधा, तोच मन्हा बापना पानवर बसई."

हे पान म्हणजे पितराचं पान. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीएवढा मोठा सण दुसरा नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. तो जेवला म्हणजे गेलेला माणूस जेवला. बहुतेक घरांत भाऊबंदांतलाच कोणी बसतो. आमच्या घरात ओसरीवर, रांगोळी काढलेल्या पाटावर, डाया बसायचा. भाऊबंदांनी नाकं मुरडली, आमच्याकडे त्या दिवशी पाणी प्यायचंसुद्धा सोडलं. आबांनी त्यांना दूषण दिलं नाही आणि डायाला उठवलंही नाही.

पितर आपल्या पायांनी येत नसतो. त्याला घरच्या माणसानं जाऊन हाक मारावी लागते, आणि हाक येईपर्यंत तो अन्नाचा कण तोंडात घालत नाही. आबाही घालत नसत. पितराच्या तोंडात घास पडल्याशिवाय लेकानं खायचं नाही, असा त्यांचा नेम. हाक मारायचं काम माझ्याकडे. मी परकराचा ओचा सावरत मळ्यातून पळत जायची. डाया तापीवरून अंघोळ करून, धुवट धोतर नेसून, झोपडीपुढच्या दगडावर बसलेला असायचा. मी म्हणायची, "डाया, पान वाढेल शे."

तो अगदी गंभीर चेहरा करून विचारायचा, "कोन बलावस?"

"तुमना आंडोर बलावस." तुमचा मुलगा बोलावतो. कारण त्या दिवशी तो माझा आजोबा असायचा आणि माझे आबा त्याचा मुलगा. मग तो उठायचा, माझं बोट धरायचा, आणि आम्ही दोघं रुबाबात गावात शिरायचो. मला त्या चालण्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! रस्त्यात कोणी हसलं तर मी जीभ काढून दाखवायची.

पंधरा-सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर लोणखेड्याचं. घर मोठं, माणसं वाईट नव्हती, पण सोवळ्याओवळ्याचं भारी. त्यातून मामेसासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, एक नंबरचे चौकस. लग्नाला चार दिवस झाले नाहीत तोवर भर माजघरात सगळ्या बायकांच्या देखत त्यांनी मला विचारलं, "काय गं, तुझ्या बापाच्या घरी भील पंगतीला बसतो म्हणतात, खरं का?"

सगळ्याजणी काम टाकून माझ्याकडे बघायला लागल्या. माझी थोरली जाऊ तर चक्क पुढे सरकून बसली. आणि मी, जिनं या डायासाठी गावाला जीभ काढून दाखवली होती, ती मी म्हणाले, "छे! पंगतीला कशाला? सालदार आहे तो. सणाचं जेवण त्याला बाहेर देतात, इतकंच."

मामेसासरे म्हणाले, "हं, तेच म्हटलं."

विषय संपला. मला वाटलं, सुटले. सुटते कसली! पहिली आखाजी आली, आबांनी मला आणायला गाडी धाडली, आणि जावयालाही मानानं आमंत्रण दिलं. नव्या जावयाचा मान असतो तो. निरोप आला की जावई सणाच्या दिवशी सकाळी येतील आणि बरोबर मामाही येतील. मामांना आमचा मळा बघायचा आहे म्हणे. 

आबांना मी सांगू शकले असते. आजही मनात येतं, आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन एवढंच म्हटलं असतं की आबा, मी सासरी खोटं बोलले, आता काय करू, तर त्यांनी मारलं नसतं, ओरडले नसते. फार तर म्हणाले असते, मग आता खरं सांग. आणि तेच मला नको होतं.

आखाजीची सकाळ झाली. आदल्या संध्याकाळीच डाया पळसाच्या पानांच्या पत्रावळी देऊन गेला होता, दर वर्षी द्यायचा तशा. मी खापरावर मांडे करत होते. मांडे मला चांगले यायचे, हातावर पसरायला लागले की आई काम सोडून बघत राहायची. पाहुणे आले, ओसरीवर बसले. मामेसासऱ्यांनी घराकडे, बैलांकडे, धान्याच्या कणग्यांकडे नजर फिरवली आणि मान हलवली. बरं वाटलं असावं त्यांना. मला हायसं वाटलं, पण तेवढ्यात आबांनी ओसरीवर पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळी काढायला लावली आणि मला हाक मारली.

"जाय बेटा, डायाले हाक मारी ये."

मी निघाले. सासरचं हिरवं लुगडं नेसलेली, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर. मळ्याच्या वाटेनं निंबापर्यंत गेले. निंबाला वळसा घातला की झोपडी. तिथं मी उभी राहिले. विहिरीवर पारवे घुमत होते, बाकी सगळं शांत. चार पावलं टाकली असती तर झालं असतं. मी मनात म्हणत होते, एक वर्ष. एकच वर्ष. पुढच्या वर्षी मामा थोडेच येणार आहेत? एक आखाजी डाया नाही जेवला तर काय बिघडलं? मी त्याला उद्या भरपूर नेऊन देईन, मांडे, सांजोऱ्या, आमरस. अगदी असाच हिशेब मी त्या निंबाखाली उभी राहून केला, आणि मागे फिरले.

घरी येऊन आबांना म्हटलं, "डाया घर नही. डोंगरमा बहिनकडे गया म्हने."

आबांच्या हातात तांब्या होता. तो तसाच राहिला. "आज? आखाजीले?"

"टट्टी लायेल शे झोपडीनी. कोनीच नही." खोटं बोलणाऱ्याला असं काहीतरी जोडावं लागतंच. झोपडीला बांबूची टट्टी होती, ती लावलेली आहे असं सांगितलं की वाटतं, मी जवळ जाऊन पाहिलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि विचारलं, "तू झोपडीलगून गयथी ना?"

"हा, आबा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाटासमोर पान वाढायला लावलं, आगारी दिली, आणि ते पान तसंच झाकून ठेवलं. पाहुण्यांची पंगत बसली. आबा वाढायला उभे राहिले. मामेसासरे म्हणाले, तुम्हीही बसा. आबा म्हणाले, "मन्हा उपास शे." मामा खूश झाले. असं नेमधर्माचं घर पाहिजे, म्हणाले. माझ्या मांड्यांचीही त्यांनी तारीफ केली, भाच्याला म्हणाले, नशीब काढलंस. मग मी जेवायला बसले. खरं सांगू? मला अन्न गोड लागलं. आपली अब्रू राहिली या आनंदात मी तीन मांडे खाल्ले.

पाहुणे उन्हं कलायला लागल्यावर निघाले. मला आणखी आठ दिवस राहायचं होतं. नवरा जाताना गाडीजवळ हळूच म्हणाला, "ते म्हातारे दिसले नाहीत. पितर म्हणून बसतात ना? मला बघायचं होतं त्यांना."

"लोक काहीही बोलतात," मी म्हटलं.

बाकीच्या पोरी अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणत होत्या. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात आबा घरातून निघाले. पितराचं झाकलेलं पान त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलं होतं, आणि ते मळ्याकडे चालले होते. सकाळपासून पोटात पाणी सोडून काही नाही, उन्हातून ती सावकाश चाल.  आता डाया सांगणार. सांगणार की मी पहाटेपासून दगडावर बसलोय, कोणी आलं नाही. आणि आबा परत येऊन मला विचारणार. मला वाटलं, तापीत जाऊन पडावं.

आबा परत आले तेव्हा फडकं रिकामं होतं. गोठ्याजवळ त्यांनी मला बोलावलं. मी मान खाली घालून गेले. आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या बापानं, माझ्यापुढे.

"बेटा, मी तुन्हावर वहीम लिधा. डाया खरंच घर नव्हता. आत्तेच ऊना म्हने डोंगरमाईन. माले माफ कर."

 काय झालं ते मला कळेना. डाया कुठेही गेलेला नव्हता. आखाजीला तो कधी कुठे गेलाच नव्हता. पण आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीवर संशय घेतला याचं त्यांना इतकं लागलं होतं की हात अजून जोडलेलेच. तेव्हा तरी सांगायचं! दैवानं याहून सोपी वेळ कोणाला दिली असेल? मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, आबा."

राहू द्या. जशी काही मी मोठ्या मनाची. क्षमा केली बापाला! आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना कानशिलं तापतात. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं आणि "तुमचे आबा म्हणजे देवमाणूस" म्हणालं की मला ते दोन शब्द आठवतात आणि मी घाईघाईनं निघून जाते.

पुढच्या आखाजीला मी माहेरी आले तेव्हा आईनं सांगितलं, डाया आता पानावर बसणार नाही. त्यानं आबांना निरोप दिला होता की मन्हा गुडघा आते वाकतस नही. पाटावर बसवत नाही म्हणून दुसरं कोणी बघा. आबांनी दुसरं कोणी बघितलं नाही. दर वर्षी पाट मांडायचे, पान वाढायचे, आगारी द्यायचे, आणि ते पान नेऊन तापीत माशांना सोडायचे. मगच जेवायचे. कधीमधी म्हणायचे, डाया थकला बिचारा. पत्रावळी मात्र दर वर्षी येत होत्या. मी वाटेत दिसले की डाया थांबायचा, पोराबाळांचं विचारायचा, डोक्यावर हात ठेवायचा. मी त्याच्याकडे वर मान करून कधी बघितलं नाही. म्हातारा झाला, विसरला असेल, असं स्वतःला समजावत राहिले. अशी बारा वर्षं गेली.

मग आबा गेले. आजार असा नव्हताच. मोट हाकून आले, ओसरीवर टेकले, म्हणाले छातीत भरून आलंय, आणि संध्याकाळपर्यंत संपलं. या वेळी खांदा द्यायला गाव लोटलं. ज्या घरांनी आमच्याकडचं पाणी सोडलं होतं त्या घरांतलेही आले. डोंगरातली माणसं आली, कोण कुठली, आम्हाला नावंही ठाऊक नव्हती. एकजण तर मोलगीच्याही पलीकडून दोन दिवस चालून आला, तोवर राख थंड झालेली होती. तिथंच बसून रडला. आणि डाया. त्यानं घरापासून तापीपर्यंत खांदा सोडला नाही. लोक बदलायला आले तर मानेनंच नको म्हणाला. बायकांच्या घोळक्यातून मी बघत होते. काठावर पोचल्यावर तो सरळ उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि कशाचाही आधार न घेता उठला. त्याचे गुडघे धडधाकट होते.

तेव्हा मला कळायला लागलं. सगळं नाही, पण कळायला लागलं.

वर्ष सरलं. आबांच्या नावाची पहिली घागर भरायची आखाजी आली. लढाईचे दिवस होते. घासलेट, साखर काही धड मिळत नव्हतं, पण भावानं सणात कसूर केली नाही. माझा धाकटा भाऊ. आबांच्या जागी आता तोच होता. तो म्हणाला, "आबांच्या पानावर डायाच बसायला पाहिजे. पण त्याचे गुडघे."

मी म्हटलं, "मी आणते त्याला."

गेले. निंबापाशी पाय अडखळले, पण या वेळी थांबले नाही. डाया दगडावर नव्हता, झोपडीच्या सावलीत बसून पत्रावळी टाचत होता. खूप थकलेला, डोळे आत गेलेले. मी समोर जमिनीवर बसले. बोलायचं खूप ठरवून गेले होते, तोंडातून निघालं ते वेगळंच.

"डाया, त्या आखाजीले मी ऊनी व्हती. निंबलगून ऊनी व्हती, नि मांगे फिरनी."

त्यानं हातातली काडी पानात खोचली. "माले माहीत शे. हिरवं लुगडं व्हतं तुन्हं. मी देखं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. बारा वर्षं माझ्या डोक्यावर हात ठेवत होता तो हे ठाऊक असताना.

"मंग आबाले काबर सांगं नही?"

"सांगतू ते तुन्हं माहेर तुटतं," तो म्हणाला. "तुन्हा बाप शब्दना पक्का, तो तुले परत आखाजीले बलावता नही. आखाजी आंडेरनी ऱ्हास, बेटा. मन्हं काय."

आखाजी लेकीची असते, माझं काय. एवढं सहज बोलला.  मी विचारलं, "नि गुडघा?"

तो हसला. दात नव्हतेच, नुसत्या हिरड्या. "गुडघाले काय व्हयेल शे? मी परत पानवर बसतू, ते तुन्हा बाप परत तुलेच हाक माराले धाडता. परत तुले खोटं बोलनं पडतं."

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला ते अवघडल्यासारखं झालं, पाय मागे घेत राहिला. मी म्हटलं, डाया, झालं ते झालं, मी घरी सगळ्यांना सांगेन, माझ्या सासरीही सांगेन, पण आज चला. आबांचं पान वाढलंय. तुमच्याशिवाय त्यावर कोणाचा हक्क नाही. तुम्ही जेवलात तर आबा जेवतील.

हातातली पत्रावळ त्यानं टाचून पुरी केली. मग पत्रावळींचा गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला.

"मी तुन्हा बापले जल्ममा एकदाव खोटं सांगं. ज्या तोंडघाई त्यान्हाजोडे खोटं बोलनू, त्याच तोंडमा त्यान्हा नावना घास कसा टाकू? तू जाय बेटा. घर पोरं भूका व्हतीन."

आला नाही. किती विनवलं तरी आला नाही.

घरी येऊन मी भावाला सगळं सांगितलं, ओसरीवर, घरच्या आणि आलेल्या सगळ्यांच्या देखत. माझा नवराही होता.  भावानं आबांचं पान उचललं आणि तापीवर गेला.

डायाला माझ्या बापाच्या नावाचा घास तोंडात घालवेना, कारण त्या तोंडानं तो एकदा, माझ्यापायी, खोटं बोलला होता. तेच खोटं त्याच दिवशी, त्याच्या आधी, मी बोलले होते. आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत मी एकही आखाजी चुकवली नाही. दर वर्षी आले, बापाच्या घरी पोटभर जेवले, आणि आबांनी विचारलं की "बेटा, धापनी ना?", तर पोट भरलं, आबा, असं त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं.